सेल्फ नुसता 'टक' करतो, आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) घरी मल्टिमीटरने तपासता येतं का?

येतं. पण 'टक' वाजतंय म्हणताय, तर आर्मेचरच्या मागे लागायच्या आधी सोलेनॉइड बघा, म्हणजे बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला जोडणारा स्विच. आमच्या भाऊजींना हे अजून पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. बॅटरी १२.६ व्होल्ट, टर्मिनलं साफ, तरी किल्ली फिरवली की एक टक आणि मग शांतता. सेल्फ काढून टेबलावर घेतला. भाऊजींनी सोलेनॉइडला करंट दिला, त्याच्या दोन्ही जाड बोल्टांना मीटर लावला, बीप वाजली, म्हणजे आत जोड लागतोय. "सोलेनॉइड ओके. आर्मेचर जळलंय, नवा सेल्फ घे." पाच मिनिटांत निकाल!

मी हट्टाने मोटर खोलली. कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ब्रश) निम्म्याहून जास्त शिल्लक, स्प्रिंगा कडक. कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरवर कार्बन जिथे घासतात तिथल्या पट्ट्या एकमेकींशी बीप देत होत्या. पट्टी आणि शाफ्टमध्ये बीप नाही. असंच हवं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पिनियनही (इंजिनला फिरवणारं छोटं दातेरी चाक) एका बाजूला मोकळं, दुसऱ्या बाजूला धरणारं. मग जळलं काय?

सगळं परत गाडीत बसवलं. मीटर व्होल्टवर ठेवून त्याच दोन बोल्टांना लावला आणि किल्ली मारायला भाऊजींनाच बसवलं. संपर्क चांगला असता तर पाव व्होल्टच्या आसपास दिसलं असतं. दिसले ११! सोलेनॉइडच्या टोपीचं सोल्डर सोडवून बघितलं, तर ते दोन बोल्ट जोडणारी आतली तांब्याची चकती काळी, खड्डे पडलेली. उलटी करून बसवली. पहिल्याच किल्लीला इंजिन फिरलं.

बीपला काही मिलिअँपिअर पुरतात, सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. केसाएवढा संपर्क उरला तरी बीप वाजते. भाऊजी म्हणतात, "खोलाखोलीत काहीतरी हललं असेल, म्हणून चाललं." मग मोटर खोलून परत बसवल्यावरही ते ११ व्होल्ट कसे आले, यावर गप्प.

आणि हो, काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर सोडा, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. किल्ली मारताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. काही सोलेनॉइड सीलबंद असतात, ते अख्खेच बदलावे लागतात. आर्मेचरची गुंडाळी आतल्या आत शॉर्ट असेल तर मीटरला कळत नाही, त्याला ग्राउलर हे तपासणीचं यंत्र लागतं, ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळेल. म्हणजे मीटरवर पास होऊनही माझं आर्मेचर खराब निघू शकलं असतं आणि भाऊजी बरोबर ठरले असते. नाही ठरले.