‘लाइव्ह ॲट द रीगल’मध्ये एवढं काय आहे?

ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःख सांगणारं संगीत) गाणारा गिटारवादक बी. बी. किंग, त्याचा हा अल्बम सगळे डोक्यावर घेतात, पण दोनदा ऐकूनही तुम्हाला जेमतेम ३५ मिनिटांची एकसारखी गाणी आणि मध्ये मध्ये श्रोत्यांतल्या बायकांचा आरडाओरडा एवढंच सापडलं, असं तुम्ही लिहिलंय. मी गेली ३० वर्षं हा अल्बम ऐकतोय. माझं म्हणणं असं, की जो आरडाओरडा तुम्हाला आड आला, तोच आता मुद्दाम कान देऊन ऐका.

हे रेकॉर्डिंग २१ नोव्हेंबर १९६४ चं, शिकागोच्या साउथ साइडमधल्या रीगल थिएटरातलं. ही कृष्णवर्णीयांची वस्ती. पोटापाण्यासाठी दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य आणि आसपासचा मुलूख सोडून शिकागोत आलेली हजारो कुटुंबं इथे राहायची. किंगही मिसिसिपीचाच, लहानपणी कापूस वेचलेला. म्हणजे समोर आपलीच माणसं. त्यांना ब्लूज समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले होते, त्यामुळे लोकांना कुठे थांबवायचं आणि कुठे सोडायचं हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

आता ‘हाऊ ब्लू कॅन यू गेट’ लावा. नवरा बायकोला काय काय दिलं ते मोजून दाखवतो. नवी फोर्ड गाडी घेतली, तर तिला त्याहून भारी कॅडिलॅक हवी. दहा डॉलरचं जेवण घातलं, तर ती म्हणते, नाश्त्याबद्दल आभार. प्रत्येक ओळीला वाद्यवृंद एक ठोका देऊन गप्प होतो आणि त्या मोकळ्या जागेत किंगचा आवाज एकटाच उभा राहतो. तक्रार चढत चढत शेवटी येते ती सात मुलांवर: तुला सात मुलं दिली, आणि आता तीही परत करायला निघालीस! इथे सगळं थिएटर फुटतं. ती नुसती दाद नाही. आपल्या घरातली गोष्ट कुणीतरी चव्हाट्यावर गाऊन दाखवली, त्याचा तो हंशा आणि कळवळा आहे. स्टुडिओत ही ओळ कितीही चांगली गायली तरी अर्धीच राहील, कारण तिचा उरलेला अर्धा भाग श्रोत्यांकडे आहे.

गिटारचंही तसंच. किंग गाताना वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. बारा बारच्या, म्हणजे तालाच्या बारा मापांच्या साच्यातल्या, ब्लूजमध्ये गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करतो, आणि प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा उरते. त्या जागेत त्याची लुसील, म्हणजे त्याची गिटार, बोलते. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची सवय असलेल्या कानाला हे लगेच पकडता यावं. बोटं भराभर पळवणारे गिटारवादक पुष्कळ झाले. किंग मात्र एकच सूर धरतो, डाव्या हाताचं बोट थरथरवून त्याला आंदोलन देतो आणि सोडून देतो. त्यानंतरची शांतता किती लांब ठेवायची, हे ज्याला कळलं त्याला किंग कळला. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली, तोवर मी नुसते सूर मोजत होतो.

२००५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला, पण तेवढ्यावरून तो आवडून घेऊ नका.

एक विनंती आहे. गाणी सुटी सुटी, उलटसुलट क्रमाने ऐकू नका. मूळ रेकॉर्डची पहिली बाजू सलग ऐका. ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ धावत येतं, आणि पाठोपाठ ‘स्वीट लिटल एंजल’ सुरू होतं तेव्हा लय एकदम जड होते. मोठ्या गर्दीतून चालताना कुणीतरी खांद्यावर हात ठेवून थांबवावं, तसं. हा बदल सुटी गाणी ऐकून कधीच हाती लागत नाही.

दुसऱ्या बाजूला ‘वरी, वरी’ नक्की ऐका. शब्द सुरू होण्याआधी गिटार बराच वेळ एकटी बोलते, आणि गाणं मध्यावर आलं की किंग गाणं बाजूला ठेवून आधी बायकांशी, मग पुरुषांशी चक्क गप्पा मारायला लागतो. तिथे त्याचा आवाज थोडा मागे जाऊ द्या आणि सभागृहातून त्याला कोण, कधी, काय उत्तर देतंय तेवढंच ऐका.