वाचकांचे प्रश्न : तडा नाही पण ताण आहे, तो कळणार कसा?

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जातो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हमखास अनाउन्समेंट होते की अमुक स्टेशनजवळ रुळाला तडा गेलाय, गाड्या उशिराने धावतायत. मुंबईत अशी कुठे थंडी पडते की पोलाद तुटावं? आणि रुळावर अल्ट्रासॉनिकची मशीन ढकलत जाणारी माणसं तर नेहमी दिसतात, मग त्यांना आधी का नाही कळत?
– एक प्रवासी, डोंबिवली

उत्तर : थंडी किती पडली यापेक्षा रूळ जखडला तेव्हा तो किती गरम होता आणि आज त्याच्यापेक्षा किती खाली आलाय, हे बघायचं. पूर्वी १३-१३ मीटरचे रूळ फिशप्लेटने (बोल्टने आवळलेल्या लोखंडी पट्टीने) जोडलेले असायचे, मधे फट असायची, तीच ती खडखड. आता रूळ वेल्ड करून सलग लांबच लांब केलेत, स्लीपरला क्लिपांनी धरलेत आणि बाजूने खडी दाबून भरलीये, त्यामुळे मधल्या भागात त्याला ना वाढायला जागा ना आकसायला. मोकळा असता तर १ किलोमीटर रूळ दर अंशाला साडेअकरा मिलिमीटर वाढला असता. ते वाढणं आपण अडवलं की त्याचा जोर आतच साठतो, आणि ६० किलोच्या (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाच्या) रुळात हा जोर दर अंशाला साधारण १.८ टन होतो. समजा रूळ ४० अंशाला जखडलाय आणि जानेवारीत पहाटे तो १६ वर आला, तर फरक २४ अंशांचा, म्हणजे एकेका रुळात ४० टनांच्या वर खेच. आपल्याला स्वेटरसुद्धा लागत नाही पण रूळ ताणलेला असतो, आणि कुठे जुन्या वेल्डमधे बारीक दोष असेल तर तो अशा वेळी उघडतो.

आता मशीनचं. ती ट्रॉली दोष शोधते, ताण नाही. तिच्या प्रोबमधून, म्हणजे रुळावर टेकणाऱ्या सेन्सरमधून, लहरी पोलादात जातात, प्रोब आणि रुळाच्या मधे पाणी सोडत राहतात कारण हवेची फट राहिली तर लहर आत शिरतच नाही, काही प्रोब सरळ खाली बघतात, काही ७० अंशात तिरके, आणि वाटेत तडा लागला की प्रतिध्वनी परत येतो. ताणलेल्या पण धडधाकट रुळातून असा प्रतिध्वनी येणार कुठून, आत आदळायला काहीच नाही. मी नोकरीची सगळी वर्षं वेल्डिंग तपासण्यातच काढली, तिथेही हेच, स्क्रीन स्वच्छ दिसली म्हणजे दोष सापडला नाही एवढंच म्हणता येतं, जोडावर किती भार आहे ते नाही.

पण लहरीने ताणही मोजता येतो, आणि मला हा भाग फार आवडतो. पोलाद ताणलं की त्यातून जाणाऱ्या लहरीचा वेग किंचित कमी होतो, दाबलं की किंचित वाढतो. याचं गणित ह्यूज आणि केली या संशोधकांनी १९५३ मधे मांडलं. (तबल्याची वादी आवळली की सूर चढतो तसंच का, असं मला विचारतात. तसं नाही. तिथे आवळलेलं चामडंच थरथरतं, इथे पोलादाचा स्वतःचा ताठरपणा जरासा बदलतो.) यासाठी एक प्रोब तिरका ठेवून लहर रुळाच्या पृष्ठभागाखालून लांबीच्या दिशेने पाठवायची आणि पुढच्या प्रोबपर्यंत किती वेळ लागला ते मोजायचं. वेग सेकंदाला साधारण ५९०० मीटर, म्हणजे २० सेंटिमीटरला ३४ मायक्रोसेकंद, आणि १० अंशांच्या फरकाने जो ताण येतो त्याने यात फरक पडतो फक्त १० नॅनोसेकंदांच्या आसपास!

तेवढं मोजणारी इलेक्ट्रॉनिक्स आहेत हो, अडचण पुढे आहे. रूळ तापला की नुसत्या उष्णतेनेच वेग कमी होतो, आणि हा परिणाम ताणाच्या परिणामापेक्षा मोठा असतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी दाबामुळे वेग वाढायला बघतो आणि उष्णता त्याला खाली खेचते, आणि आपल्याला यातला छोटा हिस्सा वेगळा काढायचाय. त्यात कारखान्यात रोलरने सरळ करताना रुळात जे ताण कायमचे बसतात ते वेगळेच, आणि दोन रुळांचं पोलादही अगदी सारखं नसतं. म्हणून एका ठिकाणी जाऊन प्रोब टेकवला आणि आकडा वाचला असं होत नाही, त्याच रुळाचं बिनताणाचं रीडिंग हाताशी लागतं. ते असेल तर त्याच जागी पुन्हा पुन्हा मोजून बदल छान पकडता येतो, आणि माझ्या मते हे काम अशा कायम बसवलेल्या सेन्सरनेच करावं.

प्रश्न : आमच्या बाल्कनीतून ट्रॅक दिसतो. एका मेगाब्लॉकला चांगला धड रूळ कापून, ओढून परत जोडला. कशाला?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : ताई, तुम्ही बघितलं ते बहुतेक डिस्ट्रेसिंग. क्लिपा काढतात, रूळ कापून रोलरवर मोकळा करतात म्हणजे आतला सगळा ताण जातो, मग ठरलेल्या तापमानाला त्याची जेवढी लांबी असायला हवी तेवढा हायड्रॉलिक यंत्राने ताणतात, वेल्ड करतात आणि क्लिपा परत ठोकतात. त्या तापमानाला रुळात ना खेच ना दाब.

याचा वरच्या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. थंडीत रूळ तुटला की दोन्ही टोकं मागे सरकतात. गर्दीची वेळ, घाईत तुकडा टाकून गाड्या सुरू कराव्याच लागतात, आणि समजा १०० मीटरच्या पट्ट्यात २० मिलिमीटर पोलाद जास्तीचं राहिलं, तर तिथलं बिनताणाचं तापमान १७ अंशांनी घसरतं, ४० चं २३ होतं. जानेवारीत काहीच जाणवत नाही उलट रूळ निवांत असतो, पण मे महिन्यात दुपारी तोच रूळ ५५ ला पोचला की १५ ऐवजी ३२ अंशांचा दाब घेऊन उभा असतो आणि तिथे खडी सैल असेल तर रूळ सापासारखा बाजूला फुगतो. म्हणून अशी जागा लिहून ठेवून उन्हाळ्याआधी तिचं डिस्ट्रेसिंग करावंच लागतं. तोवर कडक उन्हात त्या पट्ट्यावर चालत नजर ठेवणारा माणूस लागतो. ताण मोजणारा सेन्सर मला सगळ्यात आधी अशाच जागी हवाय, नव्या कोऱ्या ट्रॅकवर नंतर बसवा.