थर्मोस्टॅट उलटा बसला. तक्रारीला उशीर नको

प्रश्न : माझी गाडी २००९ची. १८ मे २०२४ रोजी साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, सोडणारी झडप) बदलून घेतला, पक्के बिल मात्र घेतले नाही. ९ जूनला खंबाटकी घाट चढताना इंजिन तापून बंद पडले. हेड गास्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालचे सील) गेले, हेड वाकले. दुसऱ्या मेकॅनिकच्या मते थर्मोस्टॅट उलटा बसवला होता; काढलेला थर्मोस्टॅट त्याच्याच गॅरेजमध्ये राहिला. इंजिनकामाला ६२ हजार लागले. गॅरेजमालक ‘बघू, देतो’ म्हणत राहिला, आता फोनच उचलत नाही. मी सध्या पुण्यात राहतो. काय करता येईल?

उत्तर : अशी पत्रे सारखी येतात, त्यामुळे गॅरेजचे काम ही ग्राहक कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे वगैरे सांगत बसत नाही. तुमचा दावा टिकणार की नाही हे मुदतीवर ठरणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. तुम्ही ९ जून धरून चालला असाल. समोरचा वकील म्हणेल, चूक झाली ती काम केले त्या दिवशी, १८ मेला. नुकसान झाले त्या दिवसापासून मुदत मोजावी, असा युक्तिवाद करता येतो आणि मला तो पटतो. पण त्याच्या भरवशावर राहायची गरज काय? एप्रिल संपत आला आहे. १८ मे २०२६च्या आत तक्रार दाखल करा.

‘बघू, देतो’ने मुदत वाढत नाही. पत्रव्यवहार चालू होता म्हणून मुदत लांबली, हे म्हणणे न्यायालयांनी वारंवार नाकारले आहे. उशीर माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे. पण सबळ कारण दाखवावे लागते, आणि गॅरेजवाल्याच्या शब्दावर विसंबलो हे कारण ग्राहक आयोगाला पुरेसे वाटेलच असे नाही. व्हॉट्सॲपवर त्याने पैसे देण्याचे कबूल केले असेल तर तो पुरावा म्हणून जोडा. वकिलाची नोटीस पाठवणे चांगले, पण कायद्याने सक्तीचे नाही. उत्तराची वाट बघत पंधरा दिवस घालवू नका.

पुराव्याची बाजू मात्र तुम्ही स्वतःच कमकुवत केली आहे. पक्के बिल घेतले नाही, आणि काढलेला थर्मोस्टॅट दुसऱ्या गॅरेजमध्येच सोडून आलात! त्यातला मेणाचा भाग इंजिनाकडच्या गरम कुलंटच्या बाजूला असावा लागतो. तो उलट्या बाजूला गेला की झडप उशिरा उघडते, इंजिन तापते. तो उलटा आहे हे बसवलेल्या जागेवरच दिसले असते. आज आयोगाने प्रयोगशाळेत तपासणी करायची म्हटली तरी पाठवायला वस्तू नाही. तेव्हा दुसऱ्या मेकॅनिककडून शपथपत्र घ्या : काय उघडले, काय दिसले, काय बदलले. त्याच्या मोबाइलमध्ये फोटो असले तर तेही घ्या, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत लावा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसतो, तरी समोरच्याला खुसपट काढायला जागा कशाला ठेवायची?

बचाव काय येईल तेही सांगतो. जुनी गाडी, रेडिएटर चोक, वॉटर पंप कमजोर. आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही तुम्ही गाडी पळवलीत का? तसे केले असेल तर पूर्ण ६२ हजार मिळतील असे मी म्हणणार नाही. खरे काय ते तक्रारीत आधीच लिहा.

तक्रार पुण्यातल्या जिल्हा आयोगात करता येते. तक्रारदार राहतो तिथे दाखल करण्याची मुभा कलम ३४ देते. सेवेसाठी तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ऑनलाइनही दाखल होते, पोच जपून ठेवा.

निकालाबद्दल कायदा तीन महिने म्हणतो, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि आयोगांतली पदे रिकामी राहतात, याची चीड सगळ्या वकिलांना आहे. एक गोष्ट तुमच्या बाजूची : गॅरेजला लेखी म्हणणे मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ही मर्यादा पक्की केली. ती उलटली की त्याच दिवशी, गॅरेजचे म्हणणे आता स्वीकारू नये, असा लेखी अर्ज आयोगाकडे द्या.