मुलाची नोकरी गेली, मग आकडा घसरला कसा?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो. सॉफ्टवेअर कंपनीत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर होता. गेल्या महिन्यात कंपनीने बऱ्याच जणांना कमी केलं, त्यात तोही गेला. इकडे दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरते : 'अमेरिकेत बेरोजगार भत्त्याचे दावे घटले, रोजगाराची स्थिती भक्कम.' स्थिती भक्कम आहे तर त्याला काम का मिळत नाही? आणि भत्त्याचं विचारलं की तो विषय का बदलतो? सून तिथेच नोकरी करते. आम्हा दोघांना रात्र रात्र झोप नाही.
– एक वडील, कोथरूड

उत्तर : तुमचा मुलगा विषय बदलतो, कारण तो भत्ता बहुधा त्याला मिळणारच नाही आणि ते आईवडिलांना सांगणं त्याच्या जिवावर येत असणार. न्यू जर्सीत भत्त्याचे अर्ज तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. आपली कितीतरी मुलं फोनवर याच प्रश्नापाशी गप्प झालेली मी ऐकली आहेत.

आधी तो पट्टीवरचा आकडा. रविवार ते शनिवार या आठवड्यात किती जणांनी आपापल्या राज्याकडे भत्त्यासाठी नवा अर्ज केला, एवढंच तो सांगतो. राज्यं आकडे वॉशिंग्टनला कळवतात, आणि पुढच्या गुरुवारी तिथल्या सकाळी साडेआठला कामगार खातं ते जाहीर करतं. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. नोकरी गेलेल्या सगळ्यांची ही मोजणी नाही. ज्याने अर्जच केला नाही, तो यात नाही. कॉलेज संपवून पहिली नोकरी शोधणारी मुलगी यात नाही. तुमचा मुलगाही नाही.

शिवाय एका आठवड्याच्या चढउतारावरून काहीच ठरवू नये. जानेवारीच्या सुरुवातीला, नाताळच्या विक्रीपुरती घेतलेली माणसं घरी बसली की अर्जांचा ढीग लागतो. कारखान्याचा पट्टा पडला आणि ऊसतोड मजूर गावी परतले म्हणून आपण मंदी आली म्हणत नाही, तसंच हे. असे हंगामी चढउतार हिशेबातून वजा करूनच मथळ्याचा आकडा निघतो. तरीही सण आणि वादळं त्याला हलवतातच. 2024 च्या ऑक्टोबरात चक्रीवादळांनंतर नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडात अर्ज एकदम वाढले होते. म्हणून जाणकार चार आठवड्यांची सरासरी बघतात. खरं संकट आलं की मात्र सरासरीची वाट बघावी लागत नाही. 1982 च्या ऑक्टोबरातला 6 लाख 95 हजार हा जुना उच्चांक होता. 2020 च्या मार्चअखेरीस एका आठवड्यात 60 लाखांहून जास्त अर्ज आले. त्या दिवसांत एक फोन ठेवला की हात उचलायच्या आत दुसरा वाजायचा. वेटर, न्हावी, दाताच्या दवाखान्यातल्या मदतनीस, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : पैसे कधी येतील?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पत्रकातल्या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि त्याला पट्टीवर क्वचितच जागा मिळते. पहिल्या अर्जानंतर काम न मिळाल्यामुळे भत्ता चालूच ठेवणाऱ्यांची ही संख्या, एक आठवडा उशिराची. 2025 मध्ये नवे अर्ज साधारण दोन-अडीच लाखांच्या आसपास राहिले, म्हणजे कमीच. पण भत्ता चालू असलेल्यांची संख्या वर्षाच्या मध्यापर्यंत 19 लाखांच्या वर गेली, 2021 च्या अखेरीनंतर सर्वांत जास्त. कंपन्या फारसं कोणाला काढत नव्हत्या आणि नवं कोणाला घेतही नव्हत्या. अशा काळात ज्याची नोकरी टिकली त्याला बाजार भक्कम वाटतो, आणि ज्याची गेली त्याला सगळी दारं बंद दिसतात. तुमच्या मुलात काही कमी आहे म्हणून असं होत नाही. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आता भत्त्याचं. न्यू जर्सीत तो जास्तीत जास्त 26 आठवडे मिळतो, आणि दर आठवड्याला जबाब द्यावा लागतो : काम करायला सक्षम आहात का, लगेच रुजू होऊ शकता का, नोकरी शोधली का, कुठलं काम नाकारलं का, काही कमाई झाली का. अडतं ते दुसऱ्या प्रश्नाला. एच-1बीवाल्याला व्हिसासाठी अर्ज केलेल्या मालकाकडेच काम करता येतं, म्हणून कायद्याच्या नजरेत तो कुठेही रुजू व्हायला मोकळा नसतो. मला याचा राग येतो आणि मी तो लपवणार नाही. हा भत्ता म्हणजे बेरोजगारीचा विमाच. बहुतेक राज्यांत त्याचा पैसा फक्त मालक भरतो, पण न्यू जर्सीत कामगाराच्या पगारातूनही कापतात. मुलाची जुनी पगाराची स्लिप बघा, त्यात 'यूआय' (अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, म्हणजे हाच विमा) नावाची छोटी कपात दिसेल. दर वर्षी त्याने ती भरली आहे.

पण त्याच्यापुढचा खरा हिशेब भत्त्याचा नाहीच, दिवसांचा आहे. नोकरी संपल्यापासून सलग 60 दिवस, किंवा त्याच्या आय-94 ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल ते लिहिलेल्या प्रवेशाच्या नोंदीची) मुदत, यांतलं जे आधी संपेल तोवरच त्याला तिथे थांबता येतं. कंपनीने निरोपाचे पैसे कितीही महिन्यांचे दिले तरी त्याने ही मुदत वाढत नाही. तेवढ्यात नव्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न बघता तो तिथे काम सुरू करू शकतो. तसं जमलं नाही तर मुदतीच्या आत दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. त्याचा एक महिना तर गेलाच आहे, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाची भेट याच आठवड्यात व्हायला हवी.

सुनेचं लिहिलंत ते बरं झालं. ती एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वेगळं वर्क परमिट काढून नोकरी करत असेल, तर तिचा व्हिसा मुलाच्या व्हिसावर टेकलेला आहे. वकिलाकडे दोघांचेही कागद न्या म्हणावं. आणि परत यायची वेळ आलीच, तर व्हिसाची मुदत संपण्याआधी काढून टाकल्यामुळे त्याच्या परतीच्या तिकिटाचा वाजवी खर्च जुन्या कंपनीला द्यावा लागतो. पुष्कळ मुलं संकोचाने तो मागतच नाहीत. त्याने मागावा, आणि लेखी मागावा.