ऑफ-रोड बाइकचं छापील वजन आणि काट्यावरचं वजन

तुम्ही विचारलंय की, मित्राच्या म्हणण्याप्रमाणे २०२० साली आलेली केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर १५८ किलोची आणि रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० तब्बल १९६ किलोची. म्हणजे ३८ किलोचा फरक. मग खराब रस्त्यावर हिमालयन कशाला घ्यायची, आणि कंपन्या वजनात काटा मारतात का?

मित्राचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, वजाबाकी चुकली आहे. १५८ हे ३९० चं ‘ड्राय’ वजन, म्हणजे पेट्रोल वगैरे न भरता कोरड्या गाडीचं. १९६ हे हिमालयनचं ‘कर्ब’ वजन, म्हणजे टाकी ९० टक्के भरलेली, ऑइल-कूलंट घातलेलं, किल्ली फिरवली की निघायला तयार. ३९० चं कर्ब वजन आहे १७७ आणि हिमालयनचं ड्राय १८१. भरलेल्या गाड्या शेजारी ठेवल्या तर फरक १९ किलोंचा, रिकाम्या ठेवल्या तर २३ चा. अडतीस कुठेच येत नाही. एका पारड्यात सोललेला नारळ आणि दुसऱ्यात शेंडीसकट, असा तो प्रकार झाला.

आता थोडा हिशेब करू. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. हिमालयनची टाकी १७ लिटरची, तिचे ९० टक्के म्हणजे सव्वापंधरा लिटर, म्हणजे साडेअकरा किलो. वर ऑइल आणि कूलंटचे तीन-साडेतीन. १८१ मध्ये हे मिळवा, १९६ येतात. चोख. ३९० ची टाकी साडेचौदा लिटरची. पेट्रोलचे पावणेदहा किलो, ऑइल-कूलंटचे तीनेक, झाले तेरा. पण दोन आकड्यांत फरक आहे १९ चा! मधल्या सहा किलोंचं काय?

तर ‘ड्राय’ या शब्दाला शिस्तच नाही. गाडीतून काय काय काढून ती काट्यावर ठेवायची, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. माझं आवडतं उदाहरण डुकाटीच्या डेझर्टएक्सचं. २०२२ मध्ये ती आली तेव्हा ड्राय वजन सांगितलं २०२ किलो, आणि त्या ‘ड्राय’मध्ये बॅटरीसुद्धा धरलेली नव्हती. पुढे कंपनी ‘पेट्रोल सोडून बाकी सगळं’ असं वजन छापायला लागली, ते २१० किलो. कर्ब वजन २२३. एकच गाडी, तीन आकडे, तिन्ही खरे. यातला कुठला मोठ्या अक्षरात छापायचा ते जाहिरातवाला ठरवतो आणि तो कुठला निवडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

उलटही होतं. सुझुकीची डीआर-झी ४००एस अमेरिकेत वर्षानुवर्षं १३२ किलो ड्राय म्हणून विकली गेली. मग जपानी कंपन्या तिकडे कर्ब वजन छापायला लागल्या आणि तीच गाडी कागदावर १४४ ची झाली. एक बोल्टसुद्धा बदलला नव्हता, पण ‘गाडी जाड झाली’ म्हणणारे भेटलेच. स्पर्धेच्या एन्ड्युरो (रानवाटांवरच्या लांब शर्यतींच्या) गाड्या तर सर्रास पेट्रोलशिवायच्या वजनावर विकल्या जातात. तिथे एकवेळ ते समजण्यासारखं आहे, कारण शर्यतीत टाकीत किती भरायचं हे चालवणाराच ठरवतो.

आपल्याकडे कर्बचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा. नवं मॉडेल विकण्याआधी वाहनांची चाचणी करणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यात वजनही येतं. तुमच्या आरसीवर ‘अनलेडन वेट’ म्हणून आकडा असतो तो बघा. युरोपच्या २०१३ च्या नियमातही टाकी निदान ९० टक्के भरलेली धरतात आणि चालवणाऱ्याला धरत नाहीत, म्हणून तिकडच्या ‘रनिंग ऑर्डर’च्या, म्हणजे निघायला तयार गाडीच्या, आकड्याशी आपल्या कर्बची तुलना करायला हरकत नाही. आणखी एक, आपल्याकडे मागचं चाक निदान अर्धं झाकणारं साडी गार्ड, मागच्याला धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट कायद्यानेच लागतात. परदेशी व्हिडिओतल्या आकड्याशी तुलना करताना एवढं लक्षात ठेवा.

मला खरा धक्का बसला तो माझ्याच गाडीने. (नाव घेत नाही, उगाच भांडणं.) मंचरला मावसभावाची कांदा-बटाट्याची आडत आहे, तिथल्या प्लॅटफॉर्म काट्यावर एका दुपारी गाडी चढवली. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, गाडी जशी शोरूममधून आली तशी. छापील कर्बपेक्षा दोन किलो जास्त भरली. म्हणजे कंपनी खरं बोलत होती; मी टाकी ९० टक्क्यांच्या वर भरली होती, एवढंच. भाऊ म्हणाला, “दादा, कडता किती धरायचा?” (कडता म्हणजे आडतीत मालाच्या वजनातून करतात ती कपात.)

मग वर्षभरात मी काय काय लावलं! लेग गार्ड, इंजिनाखाली जाड बॅश प्लेट, मागे बॅगा अडकवायचा लोखंडी पॅनिअर रॅक, हँड गार्ड, फॉग लॅम्प. परत तोच काटा. १७ किलो वाढले. लडाखच्या तयारीला बॅगा, तंबू, टूलकिट, पाण्याचा कॅन बांधून तिसऱ्यांदा चढवली तेव्हा आणखी २४. म्हणजे ज्या १९ किलोंवरून तुम्ही दोन गाड्यांत अडकलात, त्याच्या दुप्पट वजन मी हौसेने आणि स्वतःच्या पैशाने वाढवलं. परत आल्यावर रॅक काढला आणि फॉग लॅम्प भावाच्या ट्रॅक्टरला दिले.

आडत नसेल तर घरी करा. माणसांचं वजन करायचे काटे असतात, त्यातला एक पुढच्या चाकाखाली आणि तेवढ्याच उंचीची फळी मागच्या चाकाखाली. दोघांनी गाडी सरळ धरायची, स्टँडवर नाही. आकडा लिहा, मग काटा मागे आणि फळी पुढे. दोन्हींची बेरीज म्हणजे गाडीचं वजन. काट्याची मर्यादा आधी बघा, सामान लादलेल्या गाडीचं मागचं चाक बराच भार घेतं. हायवेवरच्या वे-ब्रिजवर मात्र जाऊ नका. तो ट्रकसाठी असतो, पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतो, आणि उसाच्या काट्याची गोष्ट वेगळी सांगायला नकोच.

राहिला तुमचा खरा प्रश्न. १९ किलो हा फरक खोटा नाही. चिखलात आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलताना तो कंबरेला कळतो. पण वजन कुठे बसलंय यालाही तेवढीच किंमत आहे. टाकीतलं पेट्रोल गाडीच्या वरच्या भागात असतं, म्हणून गाडी कलली की भरलेली टाकी तिला आणखी खाली ओढते. तेवढेच किलो इंजिनाजवळ असते तर इतके जाणवले नसते. तुमचे पाय जमिनीला कसे टेकतात हेही बघा. पाच फूट चार इंचांच्या माणसाला १७७ ची उंच गाडी १९६ च्या बुटक्या गाडीपेक्षा अवघड जाऊ शकते. हे कागदावर ठरणार नाही, दोन्ही गाड्या उतारावर हाताने मागे-पुढे ढकलून बघा.

आणि टेस्ट राइडला गेलात की आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकवा. शोरूमच्या डेमो गाडीत दोन लिटरच्या वर पेट्रोल मी तरी पाहिलेलं नाही. सतरा लिटरच्या टाकीत दोनच लिटर असेल, तर तुम्ही चालवताय ती गाडी भरल्या गाडीपेक्षा अकरा किलोंनी हलकी आहे.