सवलतीचं कूपन आणि अमेरिकन गिऱ्हाईक

प्रिय मित्रा,

पुण्यात बसून अमेरिकेतल्या दुकानांचे किमतींचे तक्ते सांभाळायचे, म्हणजे कधी न पाहिलेल्या माणसाच्या खिशाचा अंदाज बांधायचा. ‘अमेरिकन लोक उधळे आणि ब्रँडवेडे’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मात्र मला पटलं नाही. त्या देशाच्या जीडीपीत दोन तृतीयांशांहून जास्त वाटा ग्राहकांच्या खर्चाचा आहे, हे खरं. पण तो खर्च करणारा माणूस तुळशीबागेतल्या गिऱ्हाइकाइतकाच चिकट असतो. त्याला दुकानात घासाघीस करता येत नाही, म्हणून ती हौस तो कूपन आणि सेलवर भागवतो.

जेसी पेनी या अमेरिकेतल्या कपड्यांच्या आणि घरसामानाच्या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण मुळापासून वाच. ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारा रॉन जॉन्सन तिथे प्रमुख म्हणून आला आणि २०१२ च्या सुरुवातीला त्याने जाहीर केलं, की कूपनं आणि सततचे सेल बंद, आता रोज एकच सरळ भाव. हिशेबाने त्यात वावगं काही नव्हतं. छापील किमतीला तिथे जवळजवळ काहीच विकलं जात नव्हतं. तरी त्या एका वर्षात विक्री १७ अब्ज डॉलरवरून सुमारे १३ अब्जांवर घसरली. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सनला जावं लागलं, कूपनं परत आली. चाळीस खोडून वीस लिहिलेला शर्ट घेताना बाईंना वाटतं, आपण दुकानाला हरवलं. सरळ वीसचा शर्ट घेताना नुसते पैसे जातात. शिवाय शर्ट किती मोलाचा, हे त्या खोडलेल्या आकड्यावरूनच तर कळायचं!

मला हा खेळ आवडत नाही, आणि फसव्या ‘मूळ किमती’वरून तिथे खटलेही होतात. म्हणून तो रकाना भरताना, ही किंमत कधी खरोखर आकारली होती का, हे वरिष्ठांना लेखी विचार.

आता ब्रँड. शिकागोच्या अर्थतज्ज्ञांनी डोकेदुखीच्या गोळ्यांची खरेदी तपासली, तेव्हा दिसलं की फार्मासिस्ट मंडळी नामांकित गोळीऐवजी दुकानाच्या स्वतःच्या नावाची स्वस्त गोळी इतरांपेक्षा कितीतरी जास्त घेतात. आत औषध तेच, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणजे ज्याला स्वतःला पारख नाही, तो नावाचे पैसे मोजतो. त्यात वेडेपणा कसला? कॉस्टको या घाऊक पद्धतीच्या दुकानसाखळीने १९९५ मध्ये ‘कर्कलंड सिग्नेचर’ हा स्वतःचा ब्रँड काढला तो याच जागेवर बोट ठेवून. बॅटरीपासून ऑलिव्ह तेलापर्यंत एकच नाव, आणि माल पसंत नसेल तर दुकान परत घेणार. गिऱ्हाइकाचा भरवसा कारखानदाराकडून दुकानदाराकडे सरकला.

तुझ्या तक्त्यात इबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी आणि केचप तू एकाच गटात घातलेस, ते वेगळे कर. गोळीत खात्री पटली की माणूस स्वस्ताकडे वळतो. केचपमध्ये लहानपणापासून जिभेवर बसलेली हाइन्झची चव असते, तिथे दोन-चार सेंटच्या फरकाने फारसं काही हलत नाही. कपड्यांचा गट तिसरा. तिथे कूपनच्या तारखा आधी मागवून घे, मग भाव ठरव. सुधारलेला तक्ता शुक्रवारपर्यंत पाठव, मी बघतो.

तुझा,
काका