भाड्याच्या घरात टीव्ही भिंतीवर: पॅनलला ना, ब्रॅकेटला हो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात भाड्याचा फ्लॅट, ११ महिन्यांच्या करारातले सात महिने बाकी, डिपॉझिट ७५,०००. पुढच्या कराराबद्दल घरमालक काहीच बोलत नाहीत. ५५ इंची टीव्ही घेऊन झालाय. इंटीरिअरवाल्याने लाकडी पॅनलचे २८,००० आणि बाहेर ओढून फिरवता येणाऱ्या ब्रॅकेटचे ३,५०० सांगितलेत. पॅनलचे पैसे कार्डावर सहा हप्त्यांत द्यावेत का?

पॅनल करू नका. टीव्ही खुशाल भिंतीवर लावा, पण साध्या, भिंतीलगतच्या ब्रॅकेटवर.

पॅनल त्या भिंतीच्या मापाने कापलं जातं, दुसऱ्या घरात ते जसंच्या तसं बसेल याची खात्री नाही. म्हणजे सात महिन्यांसाठी महिन्याला ४,००० रुपये, तेही दुसऱ्याच्या भिंतीवर. कार्डाचा दर वर्षाला १५ टक्के धरला तर सहा हप्त्यांवर सुमारे १,२४० रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २२० आणि वर प्रोसेसिंग फी. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी व्याजावरचा जीएसटी आणि फी सहसा आपल्याच माथी येते.

फिरणारा ब्रॅकेट मी पैशांपेक्षा भिंतीच्या काळजीने टाळेन. टीव्ही १६ किलोचा आणि भिंतीवरची पट्टी २० सेंटिमीटर उंच धरा. टीव्ही भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल तर वरच्या बोल्टांवर बाहेरची ओढ चारेक किलोंची. ब्रॅकेटचा हात ४० सेंटिमीटर बाहेर काढला की तीच ३२ किलोंवर जाते, शिवाय हाताचं स्वतःचं वजन वेगळं. समोर एकच सोफा असेल तर टीव्ही फिरवणार कुणाकडे? साधा ब्रॅकेट हजाराच्या आत-बाहेर मिळतो आणि घर बदलताना सोबत येतो. घेताना टीव्हीमागच्या चार भोकांमधलं अंतर जुळवा. माहितीपत्रकात ते ‘व्हेसा’ या नावाखाली असतं.

आता भिंत. टीव्हीमागे झाकलं जाईल असं एकच भोक आधी पाडायला सांगा आणि भुकटी बघा. लाल आली तर वीट: १० मिमी प्लग चालतो, पण तो प्लास्टरच्या पलीकडे विटेत बसायला हवा, कारण प्लास्टरच अर्धा-पाऊण इंच असतं. राखाडी भुकटी आणि ड्रिल अडतंय तर आरसीसी, म्हणजे सळ्यांचं काँक्रीट: हॅमर ड्रिल आणि लोखंडी फास्टनर. पांढरट भुकटी आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक (हलकी, सच्छिद्र काँक्रीटची वीट). गडबड होते ती इथे. लोखंडी फास्टनर आवळताना फुगतो, त्या दाबाने ब्लॉकचा चुरा होतो आणि काही दिवसांनी पकड ढिली पडते. इथे एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्के केलेले बोल्ट) लागतात. लावणाऱ्याकडे ते नसतील तर टीव्ही सोबत आलेल्या पायांवर टेबलावर ठेवा. पडून फुटलेला टीव्हीचा पडदा कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि तो बदलायचा खर्च बहुतेकदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, भिंतीच्या आतली कन्सील्ड वायर सहसा तिथूनच जाते. पलीकडे बाथरूम असेल तर ती भिंतच सोडा. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही नको.

डिपॉझिटचं मात्र आधी बघा. करारात ‘भिंतीला भोकं पाडू नयेत’ असं कलम बरेचदा असतं. घरमालकांना मेसेज करा: “हॉलमध्ये टीव्हीसाठी चार भोकं पाडतोय, सोडताना पुट्टी भरून रंग देऊ. चालेल ना?” होकार लेखी आला की जपून ठेवा, भिंतीचा आधीचा फोटो काढा. ठिगळ उठून दिसतं म्हणून सोडताना अख्खी भिंत रंगवायची वेळ येऊ शकते. त्यासाठी तीनेक हजार बाजूला ठेवा. होकार आला नाही तर टेबलच.

वाचलेले २८,००० बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात टाका, हप्ताही टळला. सात महिन्यांनी घर बदलावं लागलं तर एजंटला साधारण महिन्याचं भाडं, टेम्पो आणि जुनं डिपॉझिट हातात यायच्या आधी भरावं लागणारं नवं डिपॉझिट, हे सगळं एकाच आठवड्यात समोर येतं.